सुलभ पॉडकास्ट प्रवेशिका : कर्जत-खालापूर आवृत्ती

ही प्रवेशिका अशा होतकरू मंडळींसाठी आहे, ज्यांनी माइक विकत घेतला आहे पण काय बोलायचं ते अजून ठरायचं आहे. माइक घेतला नसेल तर फारच छान. त्या पैशांतून आधी कर्जत ते सीएसएमटी मासिक पास काढावा. पासाचा या विद्येशी संबंध काय, ते पुढे येईलच.

प्रवेशासाठी पात्रता : काही नाही. 'पॉडकास्ट' हे नाव २००४ मध्ये पडलं, २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये त्याला जागा दिली, आणि तेव्हापासून कुणाचीही परवानगी न घेता कुणाच्याही कानात बोलायची सोय झाली. आकाशवाणीवर बोलायचं तर आधी आवाजाची चाचणी, मग लिहून आणलेली संहिता, आणि स्टुडिओतला लाल दिवा लागला की खोकला आला तरी गिळायचा. चाचणी गेली, संहिता गेली, लाल दिवाही गेला. खोकला तेवढा राहिला.

श्रोता ओळखणे

होतकरूच्या डोळ्यांसमोर एक श्रोता असतो. संध्याकाळची वेळ, खिडकीबाहेर पाऊस, हातात कॉफीचा मग, कानांवर हेल्मेटच्या मापाचे हेडफोन, आणि हा गृहस्थ डोळे मिटून आपला शब्दन् शब्द टिपतोय. असा श्रोता हेडफोनच्या जाहिरातीत राहतो. त्याच्यासाठी भाग काढू नये. तो पैसे घेऊन बसलेला आहे.

आपला श्रोता पहाटे उठतो. कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, लोकलला दोन तासांच्या आसपास लागतात. खोपोलीकर असेल तर लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी हा एकेरी मार्गाचा तुकडा वेगळा, आणि तिथली एक गाडी चुकली तर पुढची येईपर्यंत तुमचा अख्खा भाग फलाटावरच ऐकून होतो. येऊन-जाऊन दिवसाचे चार तास ज्याच्या कानांना दुसरं काम नाही, त्याची परीक्षा सोपी नसते. त्याने सगळं ऐकलेलं असतं. सकाळी चार वाजता उठल्याने यश कसं मिळतं हेही ऐकलेलं असतं, आणि तो स्वतः चार वाजताच उठलेला असतो.

कर्जतहून सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळतं, हा इथला जन्मसिद्ध हक्क. भिवपुरी रोड, नेरळ, शेलू, वांगणी इथपर्यंत मांडीवर बॅग, हातात फोन अशी चैन असते. बदलापूरला डबा भरतो. चौथ्या सीटवरचा माणूस अर्धा आपल्या मांडीवर येतो, समोर दोघंतिघं उभे राहतात, आणि मग हात खिशापर्यंत जात नाही. म्हणजे काय ऐकायचं ही निवड वांगणीच्या आत उरकावी लागते. वांगणीला जे कानात असतं ते निदान कल्याणपर्यंत राहतं. वाईट निघालं तर सोसावं लागतं, आणि असा सोसलेला भाग माणूस विसरत नाही. तुमच्या कार्यक्रमाचं नाव तो कायम लक्षात ठेवतो, पुन्हा चुकून लागू नये म्हणून.

बायकांच्या डब्यात निकाल आणखी लवकर लागतो. एक जण मटार सोलतेय, दुसरी दाणे डब्यात भरतेय, एकाच वायरीची एक बोंडी हिच्या कानात, दुसरी तिच्या. वायरवाले इअरफोन अजून टिकून आहेत ते या सोयीमुळे.

"मुद्द्यावर आला का गं तो?"

"कसला येतोय! आत्ता विचारतोय, तुमचा प्रवास कसा सुरू झाला."

"आपला डबा वांगणीला आला. काढ ते. कालचं त्या डॉक्टरीणबाईंचं लाव, त्या काहीतरी सांगत तरी होत्या."

'काहीतरी सांगत तरी होत्या.' होतकरूने हे वाक्य माइकच्या स्टँडला चिकटवून ठेवावं. श्रोत्याला काय हवं असतं यावर ज्या कार्यशाळा भरतात, त्यांची फी यात वाचते.

खालापूरच्या बाजूला श्रोते वेगळे, पण तऱ्हा तीच. टोलनाका मागे टाकून घाट चढणारा ट्रकवाला. रात्रपाळी करून खोपोलीहून घरी निघालेला कामगार, ज्याला झोपेच्या आधी कुणाचा तरी शांत आवाज हवा असतो. जुलैत आवणाच्या मुठी बांधणारी बाई, जिचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलेला असतो. यांच्यापैकी एकाचाही हात रिकामा नाही आणि डोळा तर त्याहून नाही. त्यामुळे "हे बघा, इथे स्क्रीनवर दिसतंय" असं म्हणण्याआधी होतकरूने थोडा विचार करावा. ट्रकवाल्याने खरंच बघितलं तर पुढचा भाग वाहतूक पोलिसांवर काढावा लागेल.

सुरुवात कशी करावी

शास्त्रोक्त पद्धत अशी. प्रथम गूढ संगीत. मग पाहुणा रडवेला झाला तो अर्धा मिनिट आधीच ऐकवून टाकावा, म्हणजे पुढे तो रडेल तेव्हा कुणाला आश्चर्य वाटणार नाही. मग यजमानाने स्वतःचं नाव, कार्यक्रमाचं नाव आणि कार्यक्रमाला हे नाव का दिलं ते सांगावं. मग प्रायोजकाचं तेल. मग पाहुण्याची ओळख, आणि तीही अशी की पुरस्कार सगळे यावेत पण माणूस करतो काय ते कळू नये. मग पाहुण्याने "मला बोलावल्याबद्दल आभार" म्हणावं, यजमानाने "नाही नाही, आभार आम्हीच मानायला हवेत" म्हणावं. एव्हाना नेरळ आलेलं असतं. माथेरानची छोटी गाडी ज्यांना पकडायची ते उतरून गेले. बाकीचे उतरले नसले तरी तुम्हाला कानांतून उतरवून मोकळे झाले.

इथे जुन्या लोकांचं उदाहरण देणं भाग आहे. ते दिलं की तरुण नाक मुरडतात, पण हे उदाहरण त्यांच्याच धंद्यातलं आहे. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, दर आठवड्याला नवं गीत. वर्षभरात ५६ गीतं झाली. आजच्या हिशेबाने ही एक सबंध मालिका, तीही आठवड्याच्या आठवड्याला ताजी तयार होणारी. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत, असं जुनी मंडळी सांगतात. आणि एवढ्या वर्षभरात कुणीही 'घंटीचं बटण दाबायला विसरू नका' म्हटलं नाही. लोक विसरलेही नाहीत.

दुसरं उदाहरण मुंबई आकाशवाणी केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालिकेचं. बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे प्रभाकरपंत. तोंड उघडलं की कोण बोलतंय ते स्वयंपाकघरातूनसुद्धा कळायचं. याउलट आज तीन मित्र मिळून कार्यक्रम काढतात, तिघांचा आवाज एक, तिघांचं हसणं एक आणि हसायची वेळही एक. कोणता विनोद कुणी केला ते शेवटपर्यंत कळत नाही. विनोद कोणता होता हे तर त्याहून कळत नाही. तिघांनी मिळून कार्यक्रम काढायचाच असेल तर निदान एकाला सर्दी झालेला निवडावा.

आवाज, म्हणजे फार्महाउस-प्रकरण

मुंबईतल्या होतकरूचा असा पक्का समज असतो की कर्जतला शांतता मिळते. तो शनिवारी माइक, दोन दिवे, तीन मित्र आणि चिकन घेऊन कुणाच्या तरी फार्महाउसवर येतो.

जून ते सप्टेंबरात आला असेल तर वर पत्रा असतो. आपल्याकडचा पाऊस पत्र्यावर पडतो तेव्हा शेजारी बसलेल्याला हाक मारायची तरी ओरडावं लागतं. पाऊस थांबला की बेडूक सुरू होतात, बेडूक दमले की रातकिडे. दिवाळीनंतर आला तर पलीकडच्या वाडीत हळद असते, आणि आगरी हळदीत स्पीकर किती लावावेत याला आजवर कुणी मर्यादा घालू शकलेलं नाही. उरलेल्या महिन्यांत शेजारच्या फार्महाउसवर दुसरा होतकरू आलेला असतो.

मात्र गंमत अशी की श्रोत्याचं या आवाजांशी भांडण नाही. बेडूक त्याला चालतो. बेडूक खरा असतो. त्याला खुपतो तो घुमणारा आवाज. फार्महाउसचा दिवाणखाना म्हणजे खाली गुळगुळीत लाद्या, तीन बाजूंना काचा, वर उंच छत. तिथे बोललेला शब्द भिंतीला आपटून परत माइकमध्ये शिरतो, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा, त्यातलं दुसरं पुसट. कानाला ते उलगडत बसावं लागतं, आणि गाडीच्या खडखडाटात उलगडणं जमत नाही. पाचव्या मिनिटाला डोकं का दुखतंय हे श्रोत्याला सांगता येत नाही, तो फक्त भाग बंद करतो. उपाय फुकटचा आहे. मागची छोटी खोली घ्यावी, कपाटाची दारं उघडी टाकावीत म्हणजे आतले कपडे आवाज शोषतात, खाली गोधडी अंथरावी, आणि माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, जरासा तिरका धरावा म्हणजे 'प'चा आणि 'फ'चा फटका बसत नाही. फोटोत हे चांगलं दिसत नाही, त्यामुळे कुणी करत नाही.

दुसरी खोड कुजबुजण्याची. माइकला ओठ लावून खोल, मऊ, गूढ आवाजात बोलायची सध्या टूम आहे. रात्री अंधाऱ्या खोलीत तो आवाज छान वाटतो. अंबरनाथच्या पुढे त्यातला फक्त श्वास ऐकू येतो. मग श्रोता आवाज पूर्ण वाढवतो, आणि नेमकी तेव्हाच जाहिरात लागते. तेलाची. डब्यातली चार माणसं वळून बघतात. यजमान, पाहुणा आणि तेल यांची पातळी एक ठेवायला मोफत सॉफ्टवेअर मिळतं, काम दहा मिनिटांचं आहे. श्रोत्यावर प्रेम आहे असं प्रत्येक भागात म्हणणाऱ्यांनी ते प्रेम या दहा मिनिटांत दाखवावं.

विजेबद्दल एक सूचना. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. मुंबईच्या गिरण्या चालल्या त्या या डोंगरावरून पडणाऱ्या पाण्यावर. पण वीज इथे तयार होते म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी ती इथे असेलच, असा भाबडा हिशेब करू नये. सेल घालून चालणारा रेकॉर्डर जवळ ठेवावा.

पाहुणा आणणे

पाहुणे बाजारात तयार मिळतात. ज्याचा सिनेमा पुढच्या शुक्रवारी लागतोय तो नट, पोट आणि मेंदू यांचं नातं सांगणारे डॉक्टर, नोकरी सोडून सुखी झालेला तरुण, आणि ग्रहांचे जाणकार. हे चौघे एका कार्यक्रमातून उठून दुसऱ्यात बसतात. श्रोता त्यांना कपड्यांवरून ओळखू शकत नाही म्हणून तेवढं बरं.

पण समजा होतकरूला सुबुद्धी झाली आणि त्याने कर्जतचाच शेतकरी आणला. शेतकरी म्हणाला, यंदा कर्जत-३ लावलंय. हे भाताचं वाण आहे, इथल्याच कृषी संशोधन केंद्रातून निघालेलं, आणि तालुक्यात ते माहीत नसलेला माणूस फार्महाउसवाला असतो. आता पुढचा प्रश्न उघड आहे. हळवं की गरवं? मुरमाड वरकस जमिनीत काय देतं? परतीच्या पावसात आडवं पडतं का? लोकलमध्ये बसलेल्या, गावी दोन खाचरं असलेल्या माणसाने कान टवकारलेले असतात. आणि यजमान विचारतो, "दादा, मातीशी तुमचं नातं नेमकं काय आहे?"

दादा भला माणूस. काय सांगणार? म्हणाला, चांगलं आहे.

यावर यजमानाने "वाव" म्हणायचं असतं. "अंगावर काटा आला" हेही चालतं. शहाण्या श्रोत्याला यजमानाच्या अंगाशी कर्तव्य नसतं; पाहुणा जे बोलला त्यातला एखादा शब्द पकडून पुढचा प्रश्न आला की नाही, एवढंच तो बघतो. तो आला तर यजमान ऐकत होता. नाही आला तर यजमान हातातल्या कागदावरचा सातवा प्रश्न शोधत होता, आणि हे आवाजावरून कळतं. लोकलच्या डब्यात समोरच्या बाकावर ज्या गप्पा चालतात त्या याच बाबतीत बहुतेक पॉडकास्टना हरवतात. तिथे एकाने "मेहुण्याने जमीन विकली" म्हटलं की दुसरा "कितीला?" विचारतो. "त्या क्षणाकडे तुम्ही आज मागे वळून कसं बघता?" असं विचारणाऱ्याला पुढच्या स्टेशनला उतरवतील. पास काढायला सांगितला तो यासाठी. महिनाभर इअरफोन न लावता बसावं आणि प्रश्न कसे येतात ते ऐकावं.

इथे थट्टा थोडा वेळ बाजूला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची वाडी होती. अशा ठिकाणी माइक घेऊन जायची वेळ आली तर 'त्या वेळी तुम्हाला काय वाटलं' हा प्रश्न घरी ठेवून जावा. त्याचं उत्तर ऐकणाऱ्याला माहीत असतं, सांगणाऱ्याला मात्र ते पुन्हा भोगावं लागतं. विचारायचं तर अधिकाऱ्यांना आणि भूशास्त्राच्या जाणकारांना विचारावं : डोंगर सुटतो तो कशामुळे, धोक्याच्या गावांची यादी कोण करतं आणि कशावरून, या रांगेतल्या बाकीच्या वाड्यांचं पुढच्या पावसाळ्यात काय. चौक आणि मोहोप्याच्या आसपास राहणारा माणूस हे उत्तर गाडी थांबली तरी ऐकत बसेल.

इतिहास सांगायचा झाल्यास

सांगायचा झाल्यास घोडे आणू नयेत. ध्वनिफितीतले घोडे सगळीकडे तेच असतात, पानिपतालाही तेच आणि पावनखिंडीलाही तेच, आणि नेहमी फरशीवरून पळतात.

उंबरखिंड घ्या, घरचीच आहे. फेब्रुवारी १६६१. मुघल सरदार कारतलबखान लोणावळ्याच्या अंगाने कुरवंड्याच्या घाटातून कोकणात उतरायला निघाला, बरोबर सरदारीण रायबाघन. खालापूर तालुक्यातल्या चावणीजवळ वाट अरुंद होते, दोन्ही अंगांना झाडी. शिवाजी महाराजांनी फौज तिथे कोंडली. खान शरण आला, आणि सामानसुमान ठेवून त्याला परत जाऊ दिलं. परमानंदाच्या 'शिवभारता'त हा प्रसंग आहे.

यावर निघालेला नमुनेदार भाग असा चालतो : तलवारींचा खणखणाट, "आणि मग...", विजांचा कडकडाट (फेब्रुवारीत), "रक्ताचे पाट वाहू लागले", आणि शेवटी आपण सगळ्यांनी इतिहासापासून काय शिकलं पाहिजे. खिंड कुठे आहे हे सांगायचं राहून जातं. ऐकणारा खालापूरचा, दर रविवारी त्या वाटेने सासुरवाडीला जाणारा. त्याला विचारायचं असतं की घाटावरून उतरलेल्या घोड्यांना, खेचरांना त्या दिवसांत पाणी कुठे पाजलं असेल? वाटेवर एका वेळी किती माणसं शेजारी शेजारी चालू शकतात? वरच्या झाडीतून खालचा माणूस दिसतो का, की नुसता ऐकू येतो? यजमान एकदा तिथे चालून आला असता तर पहिल्या पाच मिनिटांत हे सगळं बोलला असता, आणि न कळलेलं न कळलेलं म्हणूनही सांगितलं असतं. श्रोता त्यावर रागावत नाही. त्याला राग येतो तो ठोकून दिलेल्याचा, कारण ठोकून देणारे त्याच्या ऑफिसात पुरेसे असतात.

लांबी

'लोकांना आता दम नाही, सगळं नव्वद सेकंदांत हवं' असं सांगणारे गुरू भेटतील. त्यांना खोपोलीच्या शटलची वाट बघत उभं करावं.

अमित वर्मांच्या 'द सीन अँड द अनसीन' या इंग्रजी पॉडकास्टचे काही भाग पाच तासांच्या पुढे जातात आणि लोक ते ऐकतात. मराठीत 'मित्रम्हणे', 'अमुक तमुक' यांच्या लांब गप्पांना माणसं आहेत. २०१७ पासून स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकायला मिळू लागली, त्यात तर यजमान नाही, पाहुणा नाही, 'वाव' नाही, एक जण वाचतोय आणि दुसरा ऐकतोय. आणि त्याच्याही आधीचं घरचं उदाहरण पाहिजे तर गावच्या सप्ताहात जाऊन बसावं. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दोन तास त्याच अभंगावर बोलतो. मध्ये टाळकरी चाल धरतात, तेवढ्यात तो दम खातो आणि श्रोतेही खातात. तो पुन्हा सुरू करतो ते जिथे सोडलं होतं तिथूनच. पुढच्या रांगेतली म्हातारी डुलकी काढून जागी झाली तरी तिला धागा सापडतो. दोन तास पुरायला विषय एकच लागतो. दोन तासांत अकरा विषय काढणाऱ्याला वीस मिनिटंही पुरत नाहीत, असा माझा अनुभव आहे; कमी बोलण्याचं व्रत घेतलेल्यांचे भागही मी शेवटपर्यंत ऐकू शकलेलो नाही.

'जाता जाता' हा शब्द एका भागात एकदाच वापरावा. तिसऱ्यांदा 'जाता जाता' म्हणून यजमान न गेल्यास श्रोता जातो.

विषय सुचत नसल्यास

मग या दोन तालुक्यांत नुसतं हिंडावं. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांचा आझाद दस्ता घ्या. माथेरानला जन्मलेला हा वकील १९४२ मध्ये या डोंगरांत भूमिगत झाला आणि त्याच्या माणसांनी मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील मारले गेले. भाषणं या विषयावर दर वर्षी होतात. पण लोखंडी मनोरा पाडतात कसा? करवतीने पाय कापतात की नटबोल्ट सोडवतात? रात्रीत किती होतात? तो पडताना तारांतून वीज वाहत असते तेव्हा खाली उभ्या असलेल्यांनी पळायचं कुठल्या बाजूला? घरात दुरुस्तीचं काम स्वतः करणारा कुणीही माणूस हा भाग अर्धवट सोडणार नाही.

किंवा कर्जत स्टेशनावरच थांबा. घाटातली रेल्वे १८६३ ची. चढ असा की सदतीस फूट पुढे जाताना गाडी एक फूट वर जाते, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. ती लागेपर्यंत गाडी उभी, आणि तेवढ्या वेळात दिवाडकरांचा वडा खिडकीतून आत. वड्यावर भाग काढणारे पुष्कळ आहेत, त्यांना काढू द्या. तुम्ही बँकर चालवलेला माणूस गाठा. नोकरीत असलेल्याला बोलायला परवानगी लागेल, तेव्हा निवृत्त झालेला बघा. रेल्वेचं गाव आहे, दोन गल्ल्या विचारलं तर कुणीतरी सांगेल. काकांच्या घरी जा, पंखा बंद करा, माइक वीतभर अंतरावर ठेवा आणि एकच गोष्ट विचारा : पुढे अख्खी गाडी, त्यापुढे बोगदा, त्याच्याही पुढे गाडी ओढणारा ड्रायव्हर, तो तुम्हाला दिसत नाही, तर त्याने जोर कमी केला की मागून ढकलणाऱ्या तुम्हाला ते कळायचं कशावरून?

काका हातांनी दाखवू लागतील. "काका, हात दिसत नाहीत, बोलून सांगा," असं म्हणा. उत्तर अकरा मिनिटांचं आलं तर भाग अकरा मिनिटांचा काढा. आणि मध्ये "वाव" म्हणू नका, काका दचकतील.